मूळ आणि मुद्दल

 

आम्ही पाठशाळेत शिकत होतो तेव्हाची एक गोष्ट प्रथम सांगतो. रूपावली झाली होती, अमरकोशाचे एक कांड पाठ झाले होते, लघुकौमुदीला नुकता हात लागला होता, आणि तेवढ्यावरच आमच्या डोक्यात वारे शिरले होते. काव्याचे दोन सर्ग पुरते झाले नाहीत, तो आम्ही बरोबरीच्या मुलांना अर्थ सांगू लागलो. एके दिवशी गुरुजींनी आम्हांस एका श्लोकाचा अन्वय लावावयास सांगितले. आम्ही मोठ्या ऐटीत उठलो. समास भलताच सोडविला, विभक्ती चुकविली, आणि करणाऱ्याचा मार खाणारा करून टाकला. सगळी मुले हसली. आता छडी बसणार असे वाटले. पण गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "उद्यापासून पुन्हा रूपावली."

बरोबरीची मुले पुढे गेली, आणि आम्ही कोपऱ्यात लहान पोरांत बसून रामशब्द चालवू लागलो. पहिले आठ दिवस लाजेने मान वर होत नव्हती. महिन्याभराने मात्र कळले की, गुरुजींनी आम्हांस शिक्षा केलीच नव्हती. भिंत कोठून कलली हे पाहावयास गवंडी जसा वरचे थर उतरवीत उतरवीत पायापर्यंत जातो, तसे त्यांनी केले होते. आज चाळीस वर्षे कीर्तनात उभे राहून चार शब्द बोलतो, ते त्या दुसऱ्या वेळच्या रूपावलीच्या जोरावर. पहिल्या वेळच्या नव्हे.

ही गोष्ट आज आठवावयास कारण झाले. पूर्वी आमच्याकडे लोक येत ते पाऊसपाण्याचे, दुखण्याखुपण्याचे, लेकीच्या सासुरवासाचे गाऱ्हाणे घेऊन. अलीकडच्या वर्षांत निराळेच दुःख दारी येऊ लागले आहे. पुण्याच्या आसपासची, मुळशी-मावळ-हवेलीकडची, चाळिशी-पन्नाशीतली धडधाकट माणसे येतात, खाली मान घालून बसतात आणि म्हणतात, "महाराज, जागेच्या धंद्यात बसलो. आता पहिल्यापासून सुरुवात करायची, तर कुठून करू?"

प्रश्न चांगला आहे. पहिल्यापासून म्हणजे कुठून? याचेच उत्तर आज आपणांस मिळून शोधावयाचे आहे.

आमच्याकडे आलेल्यांपैकी एकाची हकीकत सांगतो. त्याची परवानगी घेऊनच लिहितो. नावगाव सांगत नाही. नाव घेतले की लोक माणसाकडे बोट करतात आणि आरसा तसाच बाजूला राहतो. याचा बाप आमच्यामागे टाळ घेऊन उभा राहणारा. चार एकर जिराईत, एक बैलजोडी, आणि वर्षाची आषाढी. मुलगा बारावी शिकला आणि तहसील कचेरीच्या बाहेर एका दस्तलेखकाच्या टेबलाशी बसू लागला. शेतकऱ्यांचे अर्ज लिहावयाचे, सातबारा वाचून दाखवावयाचा, जुना फेरफार शोधून द्यावयाचा, असे त्याचे काम. दहा-वीस रुपये मिळत. पण वाचणे चोख. म्हाताऱ्या माणसाला उताऱ्यावर बोट ठेवून सांगे, "बाबा, ही जमीन तुमच्या एकट्याची नाही. इथे तुमच्या बहिणींची नावे आहेत. त्यांची सही लागेल."

पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, चाकणकडे कारखाने आले, आणि या सगळ्या पट्ट्यातील जमिनीच्या भावाला पंख फुटले. ज्याला कागद वाचता येतो, त्याच्याकडे लोक आपोआप येऊ लागले. तो दलाल झाला. दोन्हीकडून टक्का-टक्का घेई, पण व्यवहार सरळ करून देई. येथवर कोणी बोट ठेवावे असे काही नव्हते. मग त्याने प्लॉटिंग सुरू केले.

हा धंदा कसा चालतो ते आपल्या माताभगिनींना ठाऊक नसेल, म्हणून थोडे फोड करून सांगतो. शेतकऱ्याला थोडा विसार देऊन साठेखत करावयाचे. जमीन अजून आपली झालेली नसते. तरी तिच्यावर चुन्याच्या रेघा मारावयाच्या, वेशीवर कमान उभारावयाची आणि गिऱ्हाइकांकडून विसार घ्यावयाचा. शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकावयास तेव्हा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी होती. म्हणून आधी बिनशेतीची परवानगी लागे. गिऱ्हाइकांच्या पैशातून शेतकऱ्याचे देणे भागवावयाचे, परवानगी काढावयाची, रस्ते-गटारे करावयाची, आणि मग एकेकाच्या नावे खरेदीखत करून द्यावयाचे. ज्याचा विसार त्याच्याच प्लॉटाला लागला, तर हे काम बिनबोभाट तडीस जाते.

पण भाव चढत होते आणि हाताला घाई सुटली होती. पहिल्या जागेचा विसार त्याने दुसऱ्या जागेच्या मालकाला दिला. दुसरीचा तिसरीला. पहिल्या जागेवर रस्ता नाही, परवानगी नाही, आणि तिसऱ्या जागेवर कमान उभी! आणि त्या तिसऱ्या जागेच्या कागदात मालकाच्या दोन बहिणींचा हिस्सा होता. त्यांनी सही केली नव्हती. त्या कोर्टात गेल्या, वाटपाचा दावा लागला, आणि सगळा पैसा तिथे अडकला. पाहा मंडळी, ज्या माणसाने दुसऱ्यांच्या शेकडो उताऱ्यांत बहिणींची नावे बोट ठेवून दाखविली, त्याला स्वतःच्या व्यवहारात ती दिसली नाहीत. विद्या विसरला होता असे नाही. थांबून वाचावयास सवड नव्हती.

तशात ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या. जमिनीचा पुष्कळसा व्यवहार रोखीचा; तो एका रात्रीत गोठला. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले. नोंदणी केल्यावाचून जाहिरात करता येईना, विकता येईना. नवे गिऱ्हाईक बंद झाले, आणि जुनी गिऱ्हाइके दारात येऊन बसू लागली. एकवीस घरांचा विसार त्याच्याकडे होता.

तो आम्हांस म्हणाला, "नोटाबंदीने मारले, महाराज, आणि उरले ते रेराने."

त्या वर्षांत खरोखर निर्दोष माणसेही भरडली गेली, हे आम्ही नाकारीत नाही. बांधकामावरचा मजूर, विटा-वाळूवाला, हप्ते भरणारा नोकरदार यांनी कोणाचे काय केले होते? पण याच्यापुरते पाहिले तर वारा सुटण्याच्या आधीच मूळ उघडे पडले होते. त्या कायद्यात एक कलम आहे. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावयाचे आणि त्याच कामाच्या जमिनीला व बांधणीला लावावयाचे. दुसरे असे की, करार नोंदविल्यावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाही. हे आम्ही ऐकले तेव्हा आम्हांस आमची आजी आठवली. तिच्या फळीवर तीन डबे असत. एक दळणाचा, एक वारीचा, एक लेकीच्या बाळंतपणाचा. दळणाला पैसे कमी पडले तर ती उपास काढी, पण वारीच्या डब्यात हात घालीत नसे. तिला अक्षर येत नव्हते. जी गोष्ट तिला ठाऊक होती, ती सांगावयाला आपल्याला कायदा करावा लागला.

आता दुसऱ्याच्या पदरातले पाहून झाले. आपल्या पदराकडे वळू. २०१४ साली त्याच्या गावच्या सप्त्यात काल्याचे कीर्तन आमचे होते. मंडप त्याचा, महाप्रसाद त्याचा, आणि आमच्या हाती अकरा हजारांचे पाकीटही त्याचे. आम्ही कीर्तनात उभे राहून म्हणालो, "गावाचे भाग्य, की असा मुलगा निपजला. याच्या हाताला यश आहे." लोकांनी टाळ्या वाजविल्या. आम्हांसही बरे वाटले. पुढे त्याचे दिवस फिरल्यावर आम्ही त्या गावी गेलो असता एक म्हातारी आम्हांस भेटली. नवरा गेलेला, त्याच्या नोकरीचे मागे राहिलेले पैसे होते, त्यातले सव्वा लाख तिने विसार म्हणून दिलेले. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "महाराज, मी काय त्याच्याकडं बघून नाही दिले. तुम्ही सप्त्यात त्याचं नाव घेतलंत, म्हणून दिले."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. वीणा नारदाची, जागा संतांची, आणि तिच्यावर उभे राहून आम्ही काय केले, तर एका धंद्याची जाहिरात! कायद्याने जाहिरातीला नोंदणी लावली. कीर्तनकाराच्या जिभेला कोण लावणार?

असो. २०१८ च्या कार्तिक वद्य एकादशीला आळंदीस तो आमच्याकडे आला. गाडी विकलेली, चेहरा उतरलेला, खांद्याला एक पिशवी. पायांवर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, माळ घाला. आता घर नको, दार नको. इथेच झाडलोट करीन, माधुकरी मागून खाईन. बाप सांगत होता तेच खरे. तुकोबारायांनी नाही का सगळे कागद इंद्रायणीत सोडले? मीही सोडतो."

मंडळी, खरे सांगतो, असे शब्द कीर्तनकाराच्या कानाला फार गोड लागतात. आमचेही डोळे भरून आले. पण म्हातारीचे वाक्य आड आले. आम्ही विचारले, "बाबा रे, सोडणार ते कागद कुठले? दाखव तरी."

त्याने पिशवीतून एक जुडगा काढला. विसाराच्या पावत्या होत्या. लोकांच्या हातात एक प्रत, याच्याकडे एक. एकवीस नावे.

आम्ही म्हटले, "तुकोबांनी बुडविली ती खते कशाची होती?"

तो गप्प.

"लोकांकडून तुकोबांना जे यावयाचे होते, त्याची. घराणे महाजनकीचे, सावकारीचे. कुळांच्या देण्याची खते घरात होती. त्यांतली अर्धी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली. कारण त्याचा हिस्सा बुडविण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीच्या स्वाधीन केली. तुकोबांनी बुडविले ते आपले येणे. तू बुडवायला निघालास ते लोकांचे देणे. नदी तीच आहे रे, पण कागद ते नाहीत."

तो बराच वेळ जुडग्याकडे पाहत राहिला. मग त्याने तो परत पिशवीत ठेवला.

वाचकहो, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण कान्होबाच्या अर्ध्या वाट्यापाशी कोणी थांबत नाही. वैराग्याची खरी परीक्षा तिथे आहे. आपल्या वाट्याचे सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून देणे हा दरोडा, मग तो भगव्या पताकेखाली का घातलेला असेना.

तुकोबारायांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहू. इ. स. १६३० पासून दोन-तीन वर्षे दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरला, तर तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे. आईबाप गेलेले, थोरला भाऊ तीर्थाटनाला निघून गेलेला, आणि दुकानाचा सारा भार यांच्यावर. गुरे मेली, उधारी बुडाली, दुकान बसले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. गावात पत राहिली नाही. हे कोणी दुसऱ्याने रचलेले नव्हे. स्वतः तुकोबांनीच आपल्या आत्मचरित्रपर अभंगात आपली ही फजिती, धंद्यात आलेली तूट आणि वाटलेली लाज उघड सांगितली आहे. एवढा मोठा संत. पण दिवाळे लपविले नाही. पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्याने पहिली गोष्ट हीच शिकावी. जे झाले ते झाले म्हणावे. वाऱ्यावर, बाजारावर, सरकारवर सगळे ढकलून मोकळे होऊ नये.

त्यानंतर तुकोबांनी काय केले? त्यांच्याच सांगण्यातून चार गोष्टी निघतात.

एक, घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ पडले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. नवे देऊळ नव्हे. पडलेले जे समोर होते, तेच. माती कालविली, भिंत उभी केली.

दोन, एकादशीला कीर्तन करू लागले. पण चित्ताला अजून अभ्यास नव्हता असे तेच कबूल करतात. म्हणून आधीच्या संतांची वचने श्रद्धेने पाठ केली. जगद्गुरू होणारा पुरुष पोरासारखा पाठांतराला बसला. हीच ती दुसऱ्या वेळची रूपावली.

तीन, पुढे उभे राहून गाणाऱ्यांच्या मागे राहून त्यांनी ध्रुपद धरले. काल जो दुकानाचा मालक, गावचा महाजन, तो आज मागच्या रांगेत! मागे उभे राहण्याची लाज ज्याला वाटत नाही, त्यालाच पुढे उभे राहण्याचा अधिकार येतो.

चार, अंगमेहनत करून लोकांच्या उपयोगी पडले. पैसा नव्हता, तर शरीर होते.

यात कोठे चमत्कार आहे का? पडलेले उभारणे, पाठ करणे, मागे राहणे, कष्ट करणे. धंद्यात बसलेल्या कोणालाही उद्या सकाळपासून करता येण्याजोग्या या चार गोष्टी आहेत.

आता मूळ या शब्दाकडे पाहा. मुळाकडे जावे असे आपण म्हणतो. झाडाचे मूळ सर्वांना ठाऊक आहे. पण संस्कृतात मुद्दलाला मूलधन म्हणतात. व्याज हे पान-फूल. मुद्दल हे मूळ. ज्याच्या मुळाशी दुसऱ्याचे मुद्दल अडकले आहे, त्याने मुळाकडे जावयाचे म्हणजे प्रथम ते मुद्दल मोकळे करावयाचे. त्यावाचून तो रानात गेला काय आणि आळंदीत बसला काय, मुळाशी गेला असे होत नाही. सासुरवाशिणीला माहेराहून जे बोलावणे येते, त्यालाही आपल्या भाषेत मूळच म्हणतात. लेक मुळाची वाट पाहत असते. मूळ आले म्हणून ती चूल पेटती टाकून, दूध उतू जात असता धावत सुटत नाही. घर आवरते, सासूला सांगते, मग निघते. पंढरीचे मूळ आले असे ज्याला वाटते, त्यानेही तसेच निघावे.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, मग धंदा करणेच वाईट काय? जागेची दलाली सोडूनच द्यावी का?" तर नाही. आपला पंथ प्रपंचात राहणाऱ्यांचा आहे. आपल्या संतांत शिंपी आहेत, कुंभार आहेत, माळी आहेत, सोनार आहेत. माणसाला डोक्यावर छप्पर लागते, त्यासाठी जागा लागते, आणि जागेचे कागद ज्याला कळतात असा मध्यस्थही लागतो. वाईट काय असेल, तर एकाचे घर दुसऱ्याच्या विसारावर बांधणे.

दुसरी शंका जरा नाजूक आहे. "हे नुकसान म्हणजे देवाचीच कृपा नव्हे काय? त्यामुळेच तर तो देवाकडे वळला." आपल्या स्वतःच्या नुकसानीबद्दल असे म्हणण्याचा ज्याचा त्याला अधिकार आहे. तुकोबांनी दिवाळे निघाले ते बरे झाले असे म्हणावे. ते त्यांना शोभते. पण सव्वा लाख गेलेल्या म्हातारीपुढे उभे राहून "ही देवाची कृपा" असे म्हणणाऱ्याची जीभ झडावी. तिची चूल विझली, ती काही याच्या आत्मोन्नतीसाठी नव्हे.

तर आम्ही त्या दिवशी त्याला माळ घातली. देवाच्या दारातून कोणाला परत पाठविण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण सांगितले, "ही घालून इथे राहू नकोस. उद्या सकाळी ही घालून त्या एकवीस घरी जा. गळ्यात माळ असली म्हणजे खोटे बोलताना हात आपोआप गळ्याशी जातो. पैसे नसले तरी जा. किती देणे आहे ते आपल्या तोंडाने सांग, आणि केव्हा देणार ते लिहून दे."

तो गेला. काही घरी शिव्या मिळाल्या, एका घरी मार मिळता मिळता राहिला. त्याने राहता फ्लॅट विकला आणि बायकामुलांसह बापाच्या दोन खोल्यांत आला. यादी केली, आणि ज्याचा विसार सर्वांत लहान त्याचे प्रथम, असा क्रम लावला. आम्ही विचारले, असे का? म्हणाला, "महाराज, लहान रकमेच्या मागेच सगळे घर असते. मोठी रक्कम देणाऱ्यांकडे आणखी असते." हे त्याला कोणी शिकविले नव्हते. त्या जुन्या टेबलावर गोरगरिबांचे अर्ज लिहिताना शिकलेले होते, ते वर आले.

आणि त्या टेबलाशीच तो परत जाऊन बसला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, जिथे विसाव्या वर्षी बसला होता तिथे. ओळखीचे लोक पाहून हसत. काही मुद्दाम जुन्या थाटाने "शेठ" म्हणून हाक मारीत. तो खाली मान घालून उतारे वाचून दाखवी. तीस वर्षांचे जुने फेरफार काढून ताळा जमवी. घेणाऱ्याला बरोबर घेऊन बांधाबांधाने चालत चतुःसीमा दाखवी, वहिवाटीचा रस्ता कोठे आहे ते पायाखाली घालून देई. कोठे बहिणीची सही नसली, कोठे बँकेचा बोजा असला, तर व्यवहार मोडला तरी चालेल, पण सांगून टाकी. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद होत्या, तेव्हा तो दुसऱ्याच्या शेतावर रोजाने गेला. महारेराने २०२३ साली दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. ती परीक्षा तो आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून पास झाला. आम्हांस येऊन म्हणाला, "महाराज, तुमची रूपावली माझीही झाली."

एकवीसपैकी एकोणीस घरांचे मुद्दल आजवर परत गेले आहे. दोन राहिली आहेत. त्यातले एक मोठे आहे. एका घरच्या माणसाने पैसे घेतले आणि एक शब्दही न बोलता दार लावून घेतले. त्याचे याला फार लागले. आम्ही म्हटले, "तू पैसे परत केलेस, क्षमा विकत घेतली नाहीस. दार उघडे ठेवणे न ठेवणे हे त्याचे."

म्हातारीचे पैसे २०१९ साली पुरते झाले. त्या दिवशी आम्हीही बरोबर गेलो होतो. तिने आधी पैसे दोनदा मोजून घेतले, आणि मग पाण्याचा तांब्या पुढे केला. आम्ही ते अकरा हजारांचे पाकीट नेले होते, ते तिच्यापुढे ठेवले. तिने हात लावला नाही. म्हणाली, "मला माझे मिळाले. तुमचं पाकीट नको. पुन्हा देवापुढं कोणाचं नाव घेऊ नका, तेवढं करा." ते पैसे आम्ही दुसऱ्या एका घराच्या फेडीत घातले. कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये ही आपल्या संप्रदायाची जुनी शिस्त. ती आम्ही सोयीने विसरलो होतो. तेव्हापासून पाकीट घेत नाही, आणि देणगीदाराचे नाव आमच्या तोंडून कीर्तनात निघत नाही. सांगावयाचे इतकेच की, त्याला मुळाकडे पाठविता पाठविता आम्हांसही परत जावे लागले.

जाता जाता त्याच्याच धंद्यातला एक दृष्टांत सांगून सेवा पुरी करतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव ठळक असते, आणि बाजूला एक रकाना असतो, 'इतर हक्क'. कुळाचा हक्क, बँकेचा बोजा, असे दुसऱ्याचे जे जे त्या जमिनीवर आहे ते तिथे लिहिलेले असते. घाई असलेला माणूस नाव वाचतो आणि कागद घडी करून खिशात घालतो. आपण सगळे तसेच करतो. माझे घर, माझी पत, माझे यश, माझे कीर्तन! शेजारच्या रकान्यात किती जणांची नावे आहेत ते वाचीत नाही. धंदा बसला, नोकरी गेली, मान गेला, म्हणजे देव तो कागद पुन्हा आपल्या हातात देतो आणि म्हणतो, आता सावकाश वाच. त्यातला एकेक बोजा उतरवीत जावे. सगळे एका जन्मी उतरेल की नाही ते पांडुरंगाला ठाऊक. पण आज एक नाव तरी कमी व्हावे.

ज्याची धंद्यात अशी वेळ आली असेल, त्याने हे वाचून झाल्यावर पाटी-पेन्सिल घ्यावी आणि कोणाचे किती द्यावयाचे आहे ते लिहून काढावे. सर्वांत लहान रक्कम सर्वांत वर लिहावी. तिथून सुरुवात. मग टाळ हाती घ्यावा, मागच्या रांगेत उभे राहावे. जागा आहे. आम्हीही तिथेच आहोत.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल। श्रीज्ञानदेव तुकाराम। पंढरीनाथ महाराज की जय।